लघुपटातील जुन्या तलावाची चित्रे एआयकडून घ्यावीत की रंगवून घ्यावीत?

मामातलाव (ता. नागभीड) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. आम्ही गावातील काही मंडळी मिळून पंचवीस मिनिटांचा एक लघुपट करीत आहोत आणि त्याचा विषय आहे आमच्या गावचा मालगुजारी तलाव. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले असे तलाव चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत हजारोंच्या संख्येने आहेत. 1950 च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांची पद्धत, संपली, तलाव सरकारकडे गेले आणि पाळीची (तलावाच्या बांधाची) व पाटाची निगा नेमकी कोणी राखायची, हा प्रश्न तेव्हापासून लोंबकळत राहिला, एवढीच आमची गोष्ट आहे.

लघुपटात एक आजी तलाव कसा खोदला गेला ते तिच्या आजेसासूकडून ऐकल्याप्रमाणे सांगते आणि तिच्या आवाजावर पाच-सहा स्थिर चित्रे दाखवायची, असे ठरले होते. त्या काळचा फोटो असणे शक्यच नाही. आमच्या कॅमेरा सांभाळणाऱ्या मुलाने ही चित्रे एका संध्याकाळी मोबाइलवर एआयकडून करून आणली आणि खरे सांगायचे तर पहिल्या नजरेला ती सर्वांनाच आवडली. मात्र आमच्यातील चित्रकलेच्या शिक्षकांनी ती चित्रे लघुपटात राहणार असतील तर आपले नाव वगळावे, असे स्पष्ट सांगितले. तेव्हापासून काम अडून आहे. धानाची कापणी झाली की उरलेले चित्रीकरण उरकण्याचा बेत होता, तोही पुढे ढकलावा लागला.

अशी चित्रे पडद्यावर दाखवणे योग्य आहे का, दाखवल्यास प्रेक्षकांना तसे सांगणे बंधनकारक आहे का, आणि उद्या हा लघुपट एखाद्या महोत्सवाला पाठवला तर हक्काच्या बाजूने काही अडचण येईल का, याबद्दल जाणकारांनी लिहावे. एक चित्र सोबत जोडले आहे.

मांजरपाट यांचे उत्तर

मी अनेक वर्षे गडचिरोली जिल्ह्यातील वडसा येथील नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत आलो आहे, त्यामुळे माझे मत एका बाजूला झुकलेले असणार, हे आधीच सांगून ठेवतो.

आपण जोडलेले चित्र मोठे करून पाहिले. तलावाला घडीव दगडांच्या पायऱ्या आहेत आणि त्या थेट पाण्यापर्यंत उतरल्या आहेत. आपल्याकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाची पाळ मातीची असते, तिच्यावर मोहाची आणि अर्जुनाची झाडे असतात, पाणी सोडायला तुडूम असते; असा घाट कुठल्याही मालगुजाराने बांधलेला मी तरी पाहिलेला नाही. बायका घागरा नेसून डोक्यावर ओढणी घेऊन माती वाहत आहेत, त्यांच्या अंगावर लुगडे हवे. बैलांची शिंगे गुजरातकडच्या कांकरेज बैलांसारखी वीणेच्या आकाराची आहेत. आणि सर्वांत गमतीची गोष्ट म्हणजे माती वाहायला लोखंडी घमेली आहेत. गोंड राजांच्या काळात! तिथे बुरडाने विणलेली बांबूची टोपली हवी होती. मागच्या दोन माणसांचे हात एकमेकांत मिसळले आहेत, पण त्यावर मी बोट ठेवणार नाही, कारण तसले दोष नव्या आवृत्तीत दुरुस्त होत जातात.

घाट आणि घागरा मात्र सहजासहजी जाणार नाहीत, कारण हे यंत्र जे फोटो आणि जी चित्रे इंटरनेटवर मुबलक आहेत त्यांवरून शिकलेले असते. राजस्थानचे फोटो पर्यटकांनी ढिगाने काढले आहेत आणि झाडीपट्टीचे, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाचे, तलाव कोणी फारसे पाहायलाच आलेले नाही. म्हणून ‘भारतातील जुना तलाव’ असे सांगितले की ते राजस्थानचा तलाव देते आणि ‘महाराष्ट्रातील आदिवासी’ असे सांगितले की पालघर-डहाणूकडची वारली चित्रे काढते, मग आपण गडचिरोलीत बसलेलो असलो तरी. शब्द बदलून बदलून ते दुरुस्त करून घेता येते, हे मला मान्य आहे. परंतु काय दुरुस्त करायचे ते आधी ठाऊक असावे लागते. आपल्या सहकाऱ्याला घमेले खटकले नाही आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्याने जन्मापासून रोजगार हमीच्या कामावर घमेलेच पाहिले आहे. मी हे चित्र रंगवायला बसलो असतो तर पहिल्याच दिवशी त्या आजींकडे जाऊन विचारले असते की टोपली डोक्यावर होती की कमरेवर, चुंबळ कशाची होती, आणि पाळ चोपायला माणसे होती की बैल फिरवीत.

फ्लेक्स आल्यापासून मंडळ्यांचे पडदेही आता बव्हंशी छापलेलेच असतात आणि हाताचे काम वर्षाकाठी थोडेच येते. तरीही ते कसे होते ते सांगतो, म्हणजे खर्चाचा अंदाज येईल. मांजरपाटाचे पन्हे जोडून शिवायचे, त्यावर सरस आणि पांढरी मिसळून हात द्यायचा, तो पूर्ण वाळू द्यायचा, मग कोळशाने रेषा मारून आधी आकाश, मग दूरचे जंगल, मग पाळ आणि शेवटी माणसे असे मागून पुढे येत रंगवायचे. रंगमंचासाठी आम्ही रंग मुद्दाम भडक ठेवतो, कारण पिवळ्या झगझगीत दिव्याखाली हिरवा मरतो आणि शेवटच्या ओळीतल्या माणसालाही जंगल जंगलच दिसले पाहिजे. कॅमेऱ्यासाठी तोच हिरवा दोन पायऱ्या खाली आणावा लागेल. आपल्याला पूर्ण पडदा नकोच आहे. चार फुटांच्या कापडावर एकेक चित्र केले आणि कॅमेरा त्यावरून हळूहळू फिरवला तर दृश्य उभे राहील. कापड आणि रंग आपण आणावेत, मजुरीचे नंतर पाहता येईल.

यवतमाळी यांचे उत्तर

मांजरपाट काकांच्या हाताबद्दल मला आदर आहे आणि घमेल्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य आहे. पण त्यातून एआयचे चित्र वापरूच नये, असे निघत नाही; ते नीट तपासून वापरावे, इतकेच निघते.

हा वाद मुळात कुठून आला ते पाहा. 2023 मध्ये अमेरिकेतील पटकथालेखकांनी 2 मेपासून 148 दिवस संप केला, जुलैमध्ये नटमंडळीही त्यात उतरली, आणि दोघांच्याही मागण्यांत एआयवर बंधने घालणे हा मोठा भाग होता. त्याच वर्षी जूनमध्ये मार्व्हलच्या ‘सीक्रेट इन्व्हेजन’ या मालिकेची सुरुवातीची श्रेयनामावली एआयने केली म्हणून गदारोळ झाला आणि ती करणाऱ्या स्टुडिओला, कोणत्याही कलावंताचे काम गेलेले नाही, असा खुलासा करावा लागला. तिथे कोट्यवधी डॉलर हाताशी असलेली कंपनी चित्रकाराचे पैसे वाचवीत होती, त्यामुळे लोकांचा राग रास्तच होता. पण पुढच्या वर्षी ‘लेट नाइट विथ द डेव्हिल’ या लहान खर्चाच्या ऑस्ट्रेलियन चित्रपटात अवघी तीन स्थिर चित्रे एआयची निघाली, तीही दिग्दर्शक बंधूंच्या म्हणण्याप्रमाणे नंतर हाताने बदललेली, तरी लोकांनी चित्रपटावर बहिष्कार घालण्याची भाषा केली. मोठ्यांवरचा राग लहानांवर काढणे ते हेच. एप्रिल 2025 मध्ये खुद्द ऑस्कर देणाऱ्या अकादमीने एआयचा वापर नामांकनाला ना मदत करील ना अपाय, असे नियमात लिहून टाकले. मग नागभीड तालुक्यातल्या मुलांनी एवढे सोवळे का पाळायचे?

आपल्याकडे पडद्यावर पैसा खर्च करणारा निर्माता नाही. चित्रकाराला बोलावले असते आणि आता बोलावले नाही, असे इथे घडलेलेच नाही. एआय नसते तर आजी नुसती बोलताना दिसली असती. पडदे रंगवणाऱ्यांचे काम फ्लेक्सने खाल्ले आणि त्या वेळी एकाही नाटक मंडळीने, फ्लेक्स असेल तर माझे नाव काढा, असे म्हटल्याचे ऐकिवात नाही. राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढून देवादिकांची चित्रे यंत्रावर छापली, तेव्हा ती घराघरांत पोचली. ज्यांना मूळ तैलचित्राच्या जवळपासही कोणी उभे केले नसते अशांच्या भिंतीवर लक्ष्मी आणि सरस्वती लागल्या.

मांजरपाट

रविवर्मा यांच्या छापखान्यात रविवर्मा यांचीच चित्रे छापली जात होती, यवतमाळी भाऊ. ज्यांची चित्रे यंत्राला खाऊ घातली त्यांना कोणी विचारले, एवढे फक्त सांगा. शिवाय बाबूराव पेंटर यांचेही नाव घ्यायला हवे होते. ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाकडे वळले आणि 1920 मध्ये त्यांनी ‘सैरंध्री’ काढला. मराठी सिनेमाच्या मुळाशी पडदे रंगवणारा माणूस आहे, म्हणून हा प्रश्न मला हॉलिवूडचा वाटत नाही.

सातबारा यांचे उत्तर

वकिली करतो, म्हणून केवळ हक्कांच्या मुद्द्यापुरते लिहितो.

आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 च्या दुरुस्तीने असे कलम घातले गेले की संगणकाने निर्माण केलेल्या कलाकृतीच्या बाबतीत, ती कृती निर्माण होण्यास जी व्यक्ती कारणीभूत ठरते ती व्यक्ती कर्ता समजली जाईल. ही भाषा एआय येण्याच्या कितीतरी आधीची आहे, त्यामुळे मोबाइलवर चार ओळी लिहून मिळालेल्या चित्राला ती पुरेशी पडते का, हा वादाचाच मुद्दा आहे. अमेरिकेत भूमिका अधिक स्पष्ट आहे: तेथील कॉपीराइट कार्यालयाने फेब्रुवारी 2023 मध्ये एका चित्रकथेच्या बाबतीत मजकूर आणि मांडणी यांना संरक्षण दिले, पण एआयने केलेल्या चित्रांना दिले नाही, आणि जानेवारी 2025 च्या अहवालात, केवळ सूचना लिहिल्याने माणूस कर्ता ठरत नाही, असे म्हटले. याचा व्यवहारातला अर्थ असा की ती पाच-सहा चित्रे उद्या कोणी उचलून दुसरीकडे वापरली, तर त्याला रोखणे आपणास अवघड जाईल. लघुपटाची गोष्ट वेगळी आहे. आपल्या कायद्यात चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता, आणि संपूर्ण चित्रपटावर त्याचा स्वतंत्र हक्क साठ वर्षे राहतो; त्यामुळे आतली काही चित्रे एआयची आहेत म्हणून लघुपटच बेवारस होतो, अशी भीती बाळगू नये.

मात्र निर्माता म्हणजे कोण, हे आपण मंडळींनी कुठे लिहून ठेवले आहे का? माझ्या दृष्टीने आपला खरा धोका इथे आहे. ऑगस्ट 2025 मध्ये ‘रांझणा’ हा चित्रपट तमिळमध्ये पुन्हा प्रदर्शित करताना निर्माती कंपनीने एआयच्या साह्याने त्याचा शेवटच बदलून सुखान्त केला. दिग्दर्शक आनंद राय आणि नायक धनुष या दोघांनीही उघड निषेध केला, तरी तो प्रदर्शित झालाच. हक्क निर्मात्याकडे असतात आणि करारात या गोष्टीचा उल्लेख नसतो, म्हणून असे होऊ शकते. आपल्या मंडळींनी शंभर रुपयांच्या कागदावर का होईना, लिहून घ्यावे की आजींचा चेहरा व आवाज एआयने बदलायचा नाही आणि सर्वांच्या संमतीशिवाय लघुपटात पुढे कोणीही एआयने भर घालायची नाही. आवाजाचा मुद्दा पोकळ नाही. अरिजित सिंग यांच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या एआय साधनांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये त्यांना अंतरिम संरक्षण दिले आहे. आजी प्रसिद्ध नाहीत, पण त्यांचा आवाज त्यांचाच आहे.

मांजरपाट यांनी विचारलेल्या प्रश्नाला, म्हणजे यंत्राला कोणाची चित्रे दिली आणि त्यांना विचारले का, याला कायद्याचे अंतिम उत्तर अजून मिळालेले नाही. गंमत अशी की जून 2025 मध्ये डिस्ने आणि युनिव्हर्सल यांनीच मिडजर्नी या चित्रे बनवणाऱ्या कंपनीवर, आमची पात्रे चोरली म्हणून, दावा लावला. ज्यांच्याविरुद्ध कलावंत ओरडत होते तेच आता फिर्यादी आहेत. तूर्त एवढे पाळावे: कोणत्याही हयात चित्रकाराचे नाव सूचनेत घालून त्याच्या शैलीत चित्र मागू नये, आणि प्रत्येक चित्रासाठी लिहिलेली सूचना तारखेसह जपून ठेवावी.

अर्जुनीची माहेरवाशीण यांचे उत्तर

हात, यंत्र, पैसा आणि हक्क यांवर सर्वांनी लिहिले. मला त्या जोडलेल्या चित्राची दुसरीच गोष्ट खटकली. ते चित्र असूनही फोटोसारखे दिसते. कडेला जुनाट पिवळा रंग दिला आहे, मध्ये बारीक ओरखडेसुद्धा आहेत. ज्या काळी कॅमेराच नव्हता, त्या काळातला हा फोटो आहे.

मी शाळेत इतिहास शिकवते. आमच्या मुलांना ‘आपल्या परिसरातील जलसाठे’ असा प्रकल्प दिला की ती मोबाइलवर शोधतात आणि जे पहिले मिळेल ते कागदावर छापून आणतात. आपला लघुपट यूट्यूबवर गेला की त्यातले हे दृश्य कोणीतरी थांबवून उचलणार, त्याखाली ‘मामा तलावाचे खोदकाम, दुर्मीळ छायाचित्र’ असे लिहिणार आणि ते गावोगावच्या व्हॉट्सॲपवर फिरणार. दोन वर्षांनी एखाद्या ग्रामपंचायतीच्या स्मरणिकेत ते छापून येईल. तोवर आपण श्रेयनामावलीत काय लिहिले होते ते कोणाच्याही लक्षात राहणार नाही. कोहळी लोकांनी तलाव कसे बांधले याचा लेखी पुरावा आधीच तोकडा आहे. बरेचसे ज्ञान म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे आणि ते गोळा करण्याचे काम आपण हाती घेतले आहे. त्याच कामात खोटा पुरावा तयार होऊन बसावा, हे मला पटत नाही.

रंगवलेल्या चित्राबाबत ही भीती नाही. कापडावरचा रंग दिसतो, कुंचल्याचा फटकारा दिसतो, आणि पाहणाऱ्याला कळते की हे कोणीतरी कल्पनेने काढले आहे. चित्र चुकले तरी ते चित्रकाराचे चुकणे राहते, त्याचा दस्तऐवज होत नाही. म्हणून माझ्या मते भेद हात की यंत्र असा नसून, चित्र स्वतःला फोटो म्हणवते की नाही, असा आहे. यवतमाळी यांना एआयच वापरायचे असेल तर त्यांनी निदान कोळशाच्या रेषांसारखे, उघड उघड चित्र दिसेल असे काही मागावे. माहितीपटांसाठी जुनी छायाचित्रे आणि चित्रफिती शोधून देणाऱ्या निर्मात्यांच्या एका संघटनेने, आर्कायव्हल प्रोड्यूसर्स अलायन्सने, सप्टेंबर 2024 मध्ये एआयच्या वापराबद्दल मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत. प्रेक्षकांना उघडपणे सांगावे यावर त्यांचाही भर आहे. कायद्याने बंधनकारक आहे की नाही ते वकील सांगतील. माझ्या लेखी ते बंधनकारक आहे.

यवतमाळी

ताई, ओरखड्यांचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता आणि तो मला मांजरपाट काकांच्या मुद्द्यापेक्षा जड वाटतो. तरीही एक विचारतो. आजीची गोष्ट तरी पुरावा आहे का? तिने आजेसासूकडून ऐकले, आजेसासूने आणखी कोणाकडून. ती रंगवून सांगते तेव्हा आपण तिला थांबवत नाही, मग चित्रालाच एवढी शिस्त का?

अर्जुनीची माहेरवाशीण

आजी ‘असं म्हणतात’ म्हणून सांगते आणि ऐकणाऱ्याला ते ऐकू येते. फोटो ‘असं म्हणतात’ म्हणत नाही.

मामातलाव

सर्वांचे आभार. सर्व उत्तरे आमच्या मंडळींना वाचून दाखवली. कॅमेरा सांभाळणारा मुलगा थोडा खट्टू झाला, पण घमेल्याच्या परिच्छेदाला तोच सर्वांत जास्त हसला.

आमचे ठरले ते असे. फोटोसारखी चित्रे लघुपटात राहणार नाहीत. त्याने केलेली चित्रे आम्ही फक्त आराखडा म्हणून वापरू, म्हणजे माणसे कुठे उभी, पाळ कुठून कुठे जाते आणि कॅमेरा कोणत्या बाजूने फिरतो, एवढे ठरवण्यापुरती. दिग्दर्शकाच्या डोक्यातली चौकट चित्रकाराला समजावून सांगायला ती खरोखर उपयोगी पडत आहेत आणि त्याबद्दल आमच्या शिक्षकांचीही तक्रार नाही. चित्रे कापडावर होतील. तीन आमचे शिक्षक करतील, उरलेल्यांसाठी मांजरपाट काकांना संदेश पाठवला आहे. मजुरीचे नंतर पाहू, असे काकांनी लिहिले आहे, पण ते आम्हाला मान्य नाही. आकडा आधी ठरवावा आणि तो वर्गणीत धरावा, असे सर्वांचे मत पडले. काका, आजींनी सांगितले की टोपली डोक्यावरच होती, चुंबळ जुन्या लुगड्याची होती, आणि पाळ चोपायला बैलांची जोडी वरून फिरवीत असत.

सातबारा सर, कराराचा कच्चा मसुदा मिळाला तर उपकार होतील. आणि एक शेवटची शंका: आराखड्यासाठी एआय वापरले, हेसुद्धा प्रेक्षकांना सांगायचे का? सांगायचे तर शेवटच्या नावांमध्ये एक ओळ पुरेल का?

सातबारा

मसुदा रविवारपर्यंत पाठवतो. आराखड्यापुरता केलेला वापर सांगण्याची सक्ती कायदा करीत नाही, तरी ओळ घालावी, कारण काही महोत्सव अर्जातच एआयबद्दल विचारतात आणि तिथे एक उत्तर व पडद्यावर दुसरे असे होऊ नये. ‘या लघुपटातील चित्रे हाताने रंगवलेली असून दृश्यांचा आराखडा करताना एआयचे साह्य घेतले आहे’ इतके पुरेल. फक्त ती ओळ शेवटी न घालता सुरुवातीला, आजी दिसण्याच्या आधी घाला. आपल्याकडे नावे सुरू झाली की लोक चपला शोधायला लागतात.